काकांच्या आठवणी लिहिताना ‘शांतता’ जरा बाजूला ठेवा

गुहागर तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे: “माझे काका भूकंपशास्त्रज्ञ. जमिनीखालचा अणुस्फोट आणि भूकंप यांतला फरक ओळखण्याच्या कामात त्यांची उमेदीची वर्षं गेली. पुढे सल्लागार म्हणून ते जिनिव्हाच्या निरस्त्रीकरण परिषदेत बसले. आता वय ऐंशीच्या पुढे, गावच्या घरी असतात. आठवणी लिहायला घेतल्यात, चाळीसेक पानं झालीत. पण वाचताना भाषण ऐकतोय असं वाटतं. पुढे कसं न्यावं? कायद्याची काही अडचण येईल का? आणि मराठीत लिहावं की इंग्रजीत?”

ताई, पानं वाचली. निवृत्त माणसांच्या आठवणींना पुस्तकाचं रूप देण्याचं काम मी रत्नागिरीत बसून बरीच वर्षं करतो आहे. बोटीवरचे इंजिनिअर, बंदर खात्यातले साहेब, न्यायाधीश, शास्त्रज्ञ, सगळ्यांच्या वह्या हाताखालून गेल्या. काकांचं मराठी स्वच्छ आहे आणि स्वतःची आरती कुठे नाही, हे दोन्ही मोठे गुण. तरी तुमचं म्हणणं खरंच आहे. ‘मानवजात’, ‘विश्वशांती’, ‘विज्ञानाची जबाबदारी’ हे शब्द पानोपानी आहेत, पण चिडलेला माणूस एकही नाही. कोणी खोटं बोललं का, कोणी ऐन वेळी शब्द फिरवला का, काकांना स्वतःला कधी हार खावी लागली का, काही पत्ता लागत नाही. चाळीस पानांत काकांचं कोणाशी भांडणच झालेलं नाही! वाटाघाटींत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या बाबतीत हे पटत नाही.

माझं म्हणणं एवढंच. शांततेवरची निष्ठा वाचकाला सांगून कळत नाही. कोणत्या आकड्यावर घोडं अडलं, तो आकडा कुणी धरून ठेवला आणि तो सोडताना कुणाला काय वाटलं, हे लिहिलं की ती आपोआप दिसते. काकांचं क्षेत्र तर अशा आकड्यांनी भरलेलं आहे.

१९५८ चंच घ्या. काका त्या वेळी शाळकरी असतील, पण त्यांच्या शास्त्राचा राजकीय जन्म तिथला. त्या वर्षी १ जुलै ते २१ ऑगस्ट या काळात पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या तज्ज्ञांना जिनिव्हात समोरासमोर बसवलं. त्यांना विचारलं एवढंच, की चाचणीबंदी केली आणि कुणी चोरून स्फोट केला, तर तो पकडता येईल का? शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं, येईल. जमिनीवर १६० ते १७० ठाणी आणि समुद्रात सुमारे १० जहाजं, असं जाळंही त्यांनी आखून दिलं. दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ एकमताने उठले, यापेक्षा शुभशकुन तो कोणता! पण त्याच वर्षीच्या शरदात अमेरिकेतल्या नेवाडामधल्या भूमिगत अणुचाचण्यांच्या नोंदी हाती आल्या आणि अमेरिकी तज्ज्ञांना दिसलं की लहान स्फोट ओळखणं आपण धरलं होतं त्याहून अवघड आहे. जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी ही नवी आकडेवारी मांडली. सोव्हिएत बाजू संतापली. त्यांच्या दृष्टीने हा ठरलेला सौदा मोडण्याचा डाव होता. मोजमाप सुधारलं म्हणून शास्त्रज्ञाने आकडा बदलला, आणि समोरच्याला त्यात दगाबाजी दिसली. काकांचं सगळं आयुष्य याच फटीत गेलं आहे. पुस्तक इथून सुरू झालं तर पहिल्याच पानावर वाचक सरसावून बसेल.

दुसरा प्रसंग १९६२ च्या अखेरचा. जमिनीखालच्या संशयास्पद धक्क्यांची जागेवर जाऊन पाहणी किती वेळा करायची, यावरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अडले होते. डिसेंबरमध्ये ख्रुश्चेव्ह यांनी केनेडींना पत्र लिहून वर्षाला २-३ पाहण्या मान्य केल्या. तुमचे प्रतिनिधी आर्थर डीन यांनीच २ ते ४ पुरतील असं आमच्या माणसाला सांगितलं, असं त्यांचं म्हणणं. केनेडींनी उलट कळवलं की डीन ८ ते १० म्हणाले होते. पुढे अमेरिका ७ पर्यंत उतरली, पण मेळ बसला नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोत जो करार झाला, त्यात हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या चाचण्यांवर बंदी आली. जमिनीखालचा स्फोट मोकळा राहिला. भारताने त्या करारावर लगेच सही केली. एका संभाषणात नेमका कोणता आकडा उच्चारला गेला, यावर इतकं काही लटकलेलं असू शकतं. काकांनी अशी किती संभाषणं ऐकली असतील! त्यांना विचारा, ‘तुम्ही मागच्या रांगेत बसून पुढे सरकवलेली अशी कोणती चिठ्ठी होती, जिच्यामुळे बोलणाऱ्याने वाक्य बदललं?’ एकच चिठ्ठी मिळाली तरी एक प्रकरण झालं.

विचारण्याची पद्धतही सांगतो. ‘तुमचं शांततेतलं योगदान काय?’ असं विचारलंत तर भाषणच मिळेल. वस्तूंबद्दल विचारा. टेबल कसं होतं, कोणाच्या शेजारी कोण, मधल्या सुट्टीत कॉफीपाशी कोण कोणाला गाठायचं, दिल्लीहून तार यायची तेव्हा ती आधी कोण वाचायचं. मसुद्यात न पटलेला मजकूर चौकटी कंसात ठेवायची तिथली रीत आहे. सर्वंकष चाचणीबंदीच्या, म्हणजे जमिनीखालच्यासकट सगळ्याच अणुचाचण्या बंद करणाऱ्या कराराच्या मसुद्यात १९९५-९६ च्या सुमारास असे हजारावर कंस होते. त्यातला एखादा कंस उघडताना किंवा बंद करताना काका हजर असतील, तर त्या एका कंसाची गोष्ट त्यांच्याकडून काढून घ्या. सकाळचा चहा झाल्यावर, पेपर यायच्या आधी, फोनवर ध्वनिमुद्रण लावून बसा. दुपारी जेवणानंतर माणसं तत्त्वज्ञान सांगतात, असा माझा अनुभव आहे.

शास्त्र कसं समजावायचं ही काकांची मोठी काळजी दिसते. तिसऱ्या प्रकरणात समीकरणं घातली आहेत, ती काढा. आपल्या भागात याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप. चिपळूण, पोफळीकडचा सत्तरीतला कोणीही माणूस त्या पहाटेबद्दल अजून बोलतो. काकांनी तिथूनच सुरुवात करावी. भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून सरकतात. म्हणून दूरच्या काही केंद्रांवर पहिला धक्का वर उचलणारा नोंदला जातो, तर काहींवर खाली खेचणारा. स्फोट मात्र सगळीकडे बाहेरच ढकलतो, त्यामुळे पहिली हालचाल सर्वत्र वरच्या दिशेची. विहिरीत सुरुंग लावताना ज्याने पायाखाली जमीन अनुभवली आहे, त्याला हे लगेच पटेल. दुसरी खूण खोलीची. पंधरा-वीस किलोमीटर खाली कुणी भोक पाडून बॉम्ब ठेवत नाही. धक्का तितक्या खोलून आला असेल तर तो भूकंपच. तिसरी खूण लाटांची. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या लाटा सारख्याच जोराच्या असल्या, तरी पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लाटा स्फोटात भूकंपापेक्षा बऱ्याच दुबळ्या असतात. हे तीन मुद्दे एवढ्याच शब्दांत येऊ शकतात. मग अडचण सांगावी, की स्फोट लहान असला तर या खुणा गोंगाटात बुडतात, आणि मोठ्या पोकळीत स्फोट केला तर आवाज आणखी दबतो. नेमक्या याच जागेवर राजकारणी माणूस शास्त्रज्ञाला विचारतो, ‘मग खात्रीने सांगता का?’ आणि शास्त्रज्ञ म्हणतो, ‘शंभर टक्के नाही.’ हा संवाद काकांनी आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या भाषेत केला असणार.

गौरीबिदनूरचं केंद्र त्यांनी दोन ओळींत उरकलं आहे. का? कर्नाटकातल्या माळावर १९६५ च्या सुमारास ब्रिटिश मदतीने उभी राहिलेली भूकंपमापकांची ती रांग म्हणजे जगात कुठेही स्फोट झाला तर भारताला स्वतःच्या कानांनी ऐकता यावा म्हणून केलेली सोय होती. दुसऱ्याच्या आकड्यांवर विसंबून राहायचं नाही, ही त्यामागची भूमिका. कोकणातून गेलेला तरुण तिथे पहिल्यांदा रात्रपाळीला बसला, कागदावर शाईची रेघ हलली आणि हा धक्का जगाच्या कुठल्या टोकाचा हे त्याला काढायचं होतं, असा प्रसंग असेलच. जिनिव्हाच्या सभागृहाइतकीच ही खोली महत्त्वाची. मला तर जास्तच.

आता थोडं अवघड. काकांच्या आठवणींत आयुष्याचा पहिला भाग जपून, झाकून लिहिलेला दिसतो. स्फोट ‘ओळखणं’ आणि स्फोट ‘मोजणं’ ही एकाच विद्येची दोन टोकं. दुसऱ्याचा स्फोट मोजायला शिकलेला माणूस आपला स्फोटही मोजू शकतो. हे लपवलं की पुढचं सगळं गुळमुळीत होतं. या बाबतीत हर्बर्ट यॉर्क यांचं उदाहरण बघा. हा अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ १९५२ मध्ये लिव्हरमोर या शस्त्र-प्रयोगशाळेचा पहिला संचालक झाला, नंतर संरक्षण खात्यात संशोधनाचा प्रमुख. तोच माणूस १९७९ ते १९८१ या काळात कार्टर सरकारचा राजदूत म्हणून जिनिव्हात सर्वंकष चाचणीबंदीच्या वाटाघाटी करत होता. १९८७ मध्ये त्याने आत्मकथन लिहिलं आणि शस्त्रं घडवणं व शांततेच्या वाटाघाटी ही दोन्ही कामं त्याने थेट शीर्षकातच शेजारी-शेजारी मांडली. म्हणून ते पुस्तक विश्वासार्ह वाटतं. पश्चात्तापाचा अभिनय त्यात नाही आणि समर्थनाचा आवेशही नाही. त्या वाटाघाटींत एक तिढा असा होता, की सोव्हिएत बाजू ब्रिटनकडेही अमेरिकेइतकीच, म्हणजे १० भूकंपकेंद्रं मागत होती आणि ब्रिटन एकाच्या पुढे जायला तयार नव्हतं. शास्त्राच्या दृष्टीने ब्रिटनमध्ये १० केंद्रांची गरज काय? काहीच नाही. पण बरोबरीचा मान हवा होता. असे तिढे लिहिणाऱ्याला अलंकारांची गरज पडत नाही.

आपल्याकडेही हा वारसा आहे, लांब जायला नको. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, केंब्रिजमध्ये १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले पहिले भारतीय. गणिती, प्राचार्य, मंत्री, आणि १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात भारताचे हाय कमिशनर. शास्त्र आणि राजनीती एकाच माणसात, तेही अंजर्ल्याच्या खाडीजवळच्या एका खेड्यातून. आणि त्यांचे वडीलधारे नातलग अण्णासाहेब कर्वे. त्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये निघालं. परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेलेला मुलगा, आणि तिथे ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्याला परत पाठवलं जातं. कर्वे यावर शिक्षणाच्या महतीचं एक वाक्यही खर्चत नाहीत. पायपीट सांगतात आणि नकार सांगतात. काकांनी ते पान पुन्हा वाचावं. घरात प्रत नसेल तर आपल्या नगर वाचनालयात मिळेल.

स्मरणशक्तीबद्दल. जोसेफ रॉटब्लाट यांचं नाव काकांच्या वहीत तीनदा आलं आहे, आदराने. आदर योग्यच. १९४४ च्या अखेरीस, जर्मनीकडे बॉम्ब नाही हे कळल्यावर, लॉस अ‍ॅलामॉस ही अमेरिकेची बॉम्ब-प्रयोगशाळा सोडून गेलेला शास्त्रज्ञ; पुढे अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांना एकत्र बसवणाऱ्या पग्वॉश परिषदांचा कणा; १९९५ चं शांततेचं नोबेल. (पहिली पग्वॉश परिषद दिल्लीत भरायची होती. सुवेझच्या पेचामुळे बेत फिसकटला आणि जुलै १९५७ मध्ये ती कॅनडातल्या पग्वॉश या मच्छीमार खेड्यात भरली, २२ जण जमले. काकांनी हे लिहिलेलं नाही, लिहायला हवं. एरवी आपल्याकडच्या वाचकाला ती सगळी परक्यांची गोष्ट वाटते.) या रॉटब्लाट यांनी १९८५ मध्ये लेख लिहून सांगितलं, की मार्च १९४४ मध्ये एका जेवणाच्या वेळी बॉम्ब-प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज म्हणाले, बॉम्बचा खरा उद्देश सोव्हिएतांना वठणीवर आणणं हा आहे. हा प्रसंग जगभर उद्धृत होतो. पण तो लिहिला गेला चाळीस वर्षांनंतर, आणि पुढे त्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या अभ्यासकांना त्यांच्या कथनात आणि कागदांत काही ठिकाणी मेळ बसत नाही असं आढळलं. माणूस खोटं बोलत होता असं कुणी म्हणत नाही. आठवण वारंवार सांगितली की घासून गुळगुळीत होते, एवढंच. म्हणून काकांच्या प्रत्येक ठळक संवादाशेजारी समासात पेन्सिलने एक खूण करा: हे डायरीतलं, हे पत्रातलं, की हे नुसतं आठवणीतलं? आठवणीतलं असेल तर अवतरणचिन्हं काढा आणि ‘साधारण असं म्हणाले’ असं लिहा. पुस्तकाचं वजन त्याने वाढतं.

आता कागद, आणि इथे मी थोडा लांबेन, कारण कोकणात लेखकांचा खरा शत्रू पाऊस आणि वाळवी. तुम्ही लिहिता की काकांचे कागद माळ्यावर दोन ट्रंकांत आहेत. आधी खाली आणा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे कौलं आणि पत्रे उडाले, आणि लोकांच्या माळ्यावरचं सगळं भिजलं. वर्षभराने, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा उलटं, तळमजल्यावरचं गेलं. म्हणजे माळा नको आणि जमीनही नको. मधल्या उंचीच्या लोखंडी कपाटात ठेवा, भिंतीपासून चार बोटं सोडून. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, त्या गंजतात आणि कागद खातात. लॅमिनेशन करू नका, कितीही कोणी सांगितलं तरी.

आणि सगळ्यात आधी फॅक्स बघा. ऐंशी-नव्वदच्या दशकातले फॅक्स थर्मल कागदावर आहेत, गुळगुळीत, गुंडाळी होणारे. त्यांवरची अक्षरं आपोआप पुसट होत जातात. काही आत्ताच कोरी झाली असतील. उद्याच्या उद्या त्यांचे फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, ऊन थेट न पाडता. उन्हात वाळत घालू नका, उष्णतेने तो कागद काळा पडतो. डायऱ्या नंतर केल्या तरी चालतील, शाई टिकते. कॅसेट असतील तर बुरशी बघा. पांढरी जाळी दिसली तर टेपरेकॉर्डरमध्ये घालून वाजवू नका, टेप तर जाईलच आणि यंत्रही जाईल. ती साफ करून डिजिटल करून देणारे लोक मुंबई-पुण्यात आहेत.

लिहिलेल्या मजकुराच्याही प्रती रोजच्या रोज दुसऱ्या घरी जाऊ द्या. पुण्यातल्या भाचीकडे, मुंबईतल्या मुलाकडे, कुठेही. सोव्हिएत अणुशास्त्रज्ञ आंद्रे साखारोव्ह सरकारविरुद्ध बोलल्यामुळे गॉर्की शहरात नजरकैदेत असताना आत्मकथन लिहीत होते. १९८१ मध्ये दातांच्या दवाखान्यातून त्यांची हस्तलिखिताची पिशवी गेली, १९८२ मध्ये मोटारीतून पुन्हा. नेणारे कोण हे सांगायला नको. ते पुन्हा लिहायला बसले. १९९० मध्ये पुस्तक आलं तेव्हा ते हयात नव्हते. काकांच्या मागे कोणी गुप्तहेर नाहीत, पण आपली वीज आणि आपलं लॅपटॉप यांचा भरवसा तेवढाच.

कायद्याचं काय? अडचण येऊ शकते, पण घाबरण्यासारखी नाही. तीन गोष्टी बघायच्या. १९२३ चा शासकीय गुपितं कायदा अजून आहे, आणि निवृत्तीने त्यातून सुटका होत नाही. काका नोकरीत असताना लागू असलेल्या १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यात माहिती उघड करण्यावर बंधनं घालणारं कलम १८ होतं. आणि २०२१ मध्ये केंद्राने पेन्शनच्या नियमांत बदल करून गुप्तचर व सुरक्षा संस्थांतून निवृत्त झालेल्यांना त्या संस्थेच्या कामाबद्दल काही छापण्याआधी परवानगी घ्यायला लावली; मोडलं तर पेन्शन थांबू शकतं. माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात नाव असलेल्या संस्थांना हा नियम आहे. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था त्या यादीत आहे. काका कधी प्रतिनियुक्तीवर अशा संस्थेत होते का, हे त्यांच्या सेवापुस्तकात बघा. होते, तर हस्तलिखित त्या संस्थेच्या प्रमुखांकडे रीतसर पाठवा, पोच घ्या, आणि उत्तर येईपर्यंत छपाईची तारीख ठरवू नका. नव्हते, तरी संशयास्पद वाटणारी पानं एखाद्या वकिलाला दाखवा. मी वकील नाही. सरकारी फाइलीतले मूळ कागद ट्रंकेत निघाले, तर ते आपले नाहीत, हेही लक्षात असू द्या.

तपासणीला पाठवताना एका गोष्टीची मनाची तयारी ठेवा. ग्लेन सीबोर्ग हे रसायनशास्त्राचे नोबेलविजेते, अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे १९६१ ते १९७१ अध्यक्ष, लहानपणापासून रोज डायरी लिहिणारे. १९६३ च्या कराराबद्दलचं त्यांचं पुस्तक त्या डायरीवर उभं आहे. पद सोडताना त्यांनी डायरी तपासून मोकळी करून घेतली होती. ऐंशीच्या दशकात सरकारने ती पुन्हा तपासायला घेतली आणि मजकूर कापत सुटलं. मुलांना घेऊन सणाच्या संध्याकाळी शेजारीपाजारी फिरल्याची नोंदसुद्धा कात्रीत सापडली, असं त्यांनीच वैतागून लिहिलं. तेव्हा काकांच्या पानांवर लाल रेघा आल्या तर त्यामागे कट शोधू नका. बहुतेक वेळा कारकुनी सावधपणा असतो आणि दुसऱ्या पत्राने अर्ध्या रेघा जातात.

आता ज्या दोन जागा काका टाळत आहेत, त्यांबद्दल स्पष्ट बोलतो. पहिली १९९६ ची. ज्या तपासणी-यंत्रणेच्या शास्त्रावर त्यांनी आयुष्य घातलं, ती यंत्रणा सर्वंकष चाचणीबंदी करारात आली: ३२१ केंद्रं, १६ प्रयोगशाळा, भूकंपलहरी, समुद्रातला ध्वनी, हवेतला अतिमंद ध्वनी आणि किरणोत्सारी कण, चारही वाटांवर पहारा. आणि भारताने सही केली नाही. अण्वस्त्रधारी देश स्वतःची शस्त्रं टाकण्याची मुदत बांधून घेत नाहीत, आणि आमच्या सहीशिवाय करार लागूच होणार नाही अशी अट आमच्यावर लादली जाते, हे आपले दोन मुख्य आक्षेप होते. जिनिव्हात भारताने सहमती रोखली, म्हणून मसुदा न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत नेला गेला आणि १० सप्टेंबर १९९६ ला १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया. करार आजही लागू झालेला नाही, तरी केंद्रं चालू आहेत. काका शास्त्रज्ञ म्हणून त्या यंत्रणेच्या बाजूचे आणि शिष्टमंडळाचे सदस्य म्हणून नकाराच्या बाजूचे. त्या दिवशी त्यांना काय वाटलं? देशाची भूमिका पटली होती, तर कोणत्या युक्तिवादाने पटली? नव्हती, तर कोणाजवळ बोलले? वहीत यावर एक परिच्छेद आहे आणि तो परराष्ट्र खात्याच्या पत्रकासारखा आहे. माझ्या मते हे पुस्तकाचं सर्वांत मोठं प्रकरण व्हायला हवं, तीस पानांचं तरी.

दुसरी जागा मे १९९८. पोखरणच्या स्फोटांची क्षमता किती, यावर देशी आणि परदेशी भूकंपशास्त्रज्ञांचे आकडे जुळले नाहीत, आणि २००९ मध्ये तो वाद आपल्याच शास्त्रज्ञांत पुन्हा पेटला. काकांचं यावर मत असणारच. ते द्यायला मोकळे नसतील, तर एका ओळीत तसं लिहावं: ‘या विषयावर मी लिहिणार नाही.’ वाचक ते मान्य करतो. दोन पानं गोल गोल फिरून काहीच न सांगणं त्याला खपत नाही.

आणि तिसरी जागा तुमच्या पत्रात नाही, पण आपल्याकडे पुस्तक हातात घेणारा आधी तीच शोधेल: जैतापूर. अणुखात्यात आयुष्य काढलेला माणूस कोकणात परत आला आहे, आणि माडबनच्या प्रकल्पाबद्दल गप्प? भूकंपशास्त्रज्ञ असून? बाजूने लिहा, विरोधात लिहा, किंवा शेजाऱ्यांनी ओटीवर येऊन काय काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं तेवढंच लिहा. हा तिसरा मार्ग मला सर्वांत आवडेल. त्यात काकांना निकाल द्यावा लागत नाही आणि गाव पुस्तकात येतं.

मच्छीमारांसाठीही एक पान ठेवा. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटावर केलेल्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांच्यातला रेडिओ ऑपरेटर सप्टेंबरमध्ये गेला. चाचणीच्या पुढच्याच महिन्यात, २ एप्रिलला, नेहरूंनी संसदेत चाचण्या थांबवण्याची मागणी केली. जगातल्या चाचणीबंदीच्या मागणीला अशी एका मासेमारी बोटीने धार आणली, हे हर्णै किंवा साखरी नाट्याच्या बंदरावर वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागणार नाही.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठीत लिहा. इंग्रजीत काका पुन्हा शिष्टमंडळात जाऊन बसतील, आणि त्या भाषेत त्यांना सावध राहण्याची सवय आहे. मराठीत ते रागावतात, चेष्टा करतात. पान २३ वर स्वित्झर्लंडच्या थंडीत सोलकढीची आठवण काढणारा परिच्छेद बघा, तिथे माणूस दिसतो. इंग्रजी आवृत्ती हवी तर नंतर दुसऱ्या कोणाकडून करून घेता येईल. संस्थांची नावं, करारांची नावं देवनागरीत लिहा आणि शेवटी नावांची सूची द्या. मराठी प्रकाशक ती खर्चाला नको म्हणतात, पण अशा पुस्तकाला सूची नसेल तर अभ्यासक ते उघडत नाही.

छपाईचा विचार आत्ता नको. पाचशे प्रतींच्या वर जाऊ नका, एवढंच सांगून ठेवतो. उरलेल्या प्रतींचं पावसाळ्यात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. आधी फॅक्सचे फोटो, मग १९९६ चं प्रकरण. ते हाताने लिहिलेलं असलं तरी चालेल, जसं असेल तसं पाठवा. काकांनी त्यात कोणावर राग काढला असेल, तर तो छापायचा की नाही ते आपण नंतर बघू. लिहिताना त्यांना थांबवू नका.